उभ्या गाडीची आणि कॅम्परची बॅटरी वारंवार उतरते : नवी घेण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या

गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की सेल्फ मारताना नुसती टकटक होते आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात. जंपर केबल लावल्यावर इंजिन लगेच सुरू होते, दोन-तीन दिवस सगळे सुरळीत चालते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रकार होतो. ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अनेक मराठी घरांत मुले पुण्याला किंवा बंगळुरूला असतात, आणि ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सची सवलत मिळाली म्हणून घेतलेली गाडी कापडी झाकण घालून दारात उभी असते. तिथे ही तक्रार दर हिवाळ्यात ठरलेली आहे.

दुसरी तक्रार कॅम्परवाल्यांची. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मागे पलंग, फ्रिज, पंखा आणि त्यांच्यासाठी वेगळी दुसरी बॅटरी बसवलेली आहे, ग्वाल्हेरहून शिवपुरीपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर गाडी चालली आहे, तरीही रात्री फ्रिज मध्येच बंद पडतो. मात्र सकाळी इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते. तिसरी तक्रार अशी की सकाळी मागची आणि इंजिनची अशा दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या असतात. चौथी अशी की बॅटरीचे पाणी फार लवकर आटते आणि बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो.

या चार तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत. पहिलीत उभ्या गाडीतून करंट कुठेतरी झिरपत असतो किंवा गाडी पुरेशी चालत नसते. दुसरीत दोष बहुधा पुढून मागे जाणाऱ्या वायरीत असतो. तिसरीत दोन बॅटऱ्यांना वेगळे ठेवणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, चिकटलेला असतो किंवा मुळातच बसवलेला नसतो. चौथीत चार्जिंग प्रमाणाबाहेर होत असते, आणि तिच्यासाठी खालच्या तपासण्या करत न बसता शेवटचा भाग आधी वाचावा.

बॅटरीच्या दुकानात गेल्यावर या चारही तक्रारींना एकच उत्तर मिळते : "काका, बॅटरी गेली, नवी टाकून घ्या." नवी टाकली की तक्रार काही महिने थांबते, त्यामुळे निदान चुकल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. माझा अनुभव असा आहे की निकामी म्हणून आणलेल्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याचशा केवळ अर्धपोटी असतात. लेड-अॅसिड बॅटरी दीर्घकाळ अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि मग ती खरोखरच निकामी होते. त्यामुळे कारण न शोधता टाकलेली नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सर्वप्रथम गाडीचा वापर पाहावा. सेल्फ मारल्याने बॅटरी रिकामी होते हा समज चुकीचा आहे : दोनशे अँपिअरचा करंट तीन सेकंद घेतला तरी खर्च ०.१७ एएच (अँपिअर-तास) इतकाच होतो. खरा खर्च गाडी उभी असताना होतो. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक आणि इंजिनचा कॉम्प्युटर मिळून सुस्थितीतल्या गाडीतही २० ते ५० मिलिअँपिअर घेतात. ३० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला सुमारे २२ एएच होतात, आणि छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ एएचची असते. म्हणजे गाडीत काहीही दोष नसताना महिनाभर उभ्या गाडीची निम्म्याहून अधिक बॅटरी संपते, आणि बॅटरी जुनी असेल तर पूर्णच.

त्यावर रोज सकाळी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा उपाय घरोघरी केला जातो. त्याचा उपयोग फार थोडा होतो. आयडलवर अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात, कमी करंट देतो, आणि त्यातला मोठा वाटा ब्लोअर, इंजिनचा पंखा आणि दिवे खाऊन टाकतात. शिवाय लेड-अॅसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत झटपट भरते आणि उरलेल्या २० टक्क्यांसाठी कित्येक तास घेते. घरापासून महाराज बाड्यापर्यंत, म्हणजे लष्करच्या मुख्य चौकापर्यंत, जाऊन आल्याने हा शेवटचा हिस्सा कधीच भरत नाही. आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवणे हे रोजच्या दहा मिनिटांपेक्षा चांगले, आणि महिन्यातून एकदा रात्रभर घरच्या विजेवर चार्जर लावणे त्याहूनही चांगले.

यानंतर टर्मिनल पाहावेत. पांढरा-हिरवा खार साचला असेल, किंवा क्लॅम्प हाताने फिरत असेल, तर पुढच्या कोणत्याही मोजणीला अर्थ नाही. जोडात केवळ ०.०१ ओहमचा अडथळा असला, तरी सेल्फच्या वेळी १५० अँपिअरवर दीड व्होल्ट तिथेच जातात. चार्जिंगच्या २० अँपिअरवर ०.२ व्होल्ट जातात, आणि तेवढ्यानेही बॅटरी कायम थोडी कमी भरलेली राहते. दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढावे, मग पॉझिटिव्ह. कारण निगेटिव्ह जोडलेले असताना पाना पॉझिटिव्हवरून गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो. हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवावे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातघाशीने खार धुवावा, सोड्याचे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये, आतला गोल भाग पॉलिश पेपरने चकचकीत करावा आणि क्लॅम्प घट्ट बसवल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. जोडताना पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. काही गाड्यांत बॅटरी काढली की म्युझिक सिस्टिम कोड मागते, तेव्हा तो आधी शोधून ठेवावा.

झाकणे असलेली बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहावी. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंशांपर्यंत जाते आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असते. बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. उन्हाळ्यात झालेले हे नुकसान जानेवारीत उघड होते, कारण थंडीत बॅटरीचा जोर घटतो, ऑइल घट्ट होते आणि सेल्फला करंट जास्त लागतो. लोक थंडीला दोष देतात. बॅटरी मारलेली असते उन्हाने. पातळी कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि तेही चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडण्यापुरते आधी घालावे. आरओचे पाणी चालत नाही, एसीतून ठिबकणारे पाणीही चालत नाही, कारण पहिल्यात क्षार उरलेले असतात आणि दुसऱ्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरतात. आणि अॅसिड तर कधीच घालू नये. पातळी पाणी उडून गेल्यामुळे घटलेली असते. अॅसिड आतच असते.

साध्या मल्टिमीटरने

काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर यानंतरच्या सगळ्या तपासण्यांना पुरतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दार उघडण्यापूर्वी, जमल्यास बॉनेट आदल्या रात्रीच उघडे ठेवून, बॅटरीच्या दोन शिशाच्या खांबांवर मीटरच्या सळ्या टेकवाव्यात. क्लॅम्पवर टेकवू नयेत, कारण आपल्याला बॅटरीचा व्होल्टेज हवा आहे, जोडाचा नव्हे. १२.६ किंवा त्याहून थोडा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन बंद केल्याबरोबर घेतलेले माप नेहमी फसवे असते, कारण चार्जिंगचा वरवरचा व्होल्टेज तेव्हा उतरलेला नसतो.

मग घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. भरलेली बॅटरी सेल्फच्या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर ती खरोखर थकलेली आहे. "भरलेली" हा शब्द महत्त्वाचा, कारण अर्धी भरलेली चांगली बॅटरीही या चाचणीत नापास होते आणि तिथेच दुकानदाराचे आणि आपले गणित चुकते.

तिसरे माप इंजिन चालू असताना, हेडलाइट आणि ब्लोअर लावून घ्यावे. जुन्या पद्धतीच्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३.२ च्या खाली असेल तर बेल्ट ढिला आहे का ते प्रथम पाहावे. सकाळी सुरू करताना किंचाळण्याचा आवाज येत असेल तर दोष बहुधा तिथेच सापडतो. मात्र एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतरच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. अशा गाडीत तो चालताना साडेबारापर्यंत खाली येतो आणि ब्रेक लावताना पंधराच्या जवळ जातो. त्यामुळे तिथे एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. अशा गाडीच्या निगेटिव्ह खांबावर बहुधा एक छोटा सेन्सर असतो. चार्जरचा किंवा वेगळ्याने बसवलेल्या वस्तूचा निगेटिव्ह खांबाला न लावता बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्यावरच्या जोडाला, लावावा, नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो आणि कॉम्प्युटर बॅटरी भरतच नाही.

उभ्या गाडीतून करंट कुठे जातो

वरचे सगळे ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर मीटर करंटच्या १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह केबल आणि खांब यांच्यामध्ये जोडावा. असा मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये आणि सेल्फ मुळीच मारू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जातो. दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवावे, म्हणजे गाडीला दार लागलेले वाटेल, आणि मग अर्धा-पाऊण तास थांबावे. हे थांबणे लोक टाळतात. गाडीतले कॉम्प्युटर झोपी जायला तेवढा वेळ घेतात आणि पहिल्या पाच मिनिटांत दिसणारे दोन-तीन अँपिअर म्हणजे दोष नसतो. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा राहिला, तर फ्यूज एकेक करून काढावेत. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे.

हा चोर बहुतेक वेळा कंपनीने बसवलेला नसतो. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम पाव अँपिअर घेत असेल, तर दिवसाला सहा एएच जातात आणि छोट्या गाडीची भरलेली बॅटरी आठवड्याच्या आत संपते. जीपीएस ट्रॅकर, बाहेरून लावलेला अॅम्प्लिफायर, चावी काढल्यावरही चालू राहणारा मोबाइल चार्जर हे त्याचे भाऊबंद. एका शेजाऱ्यांच्या गाडीत सगळे फ्यूज पाहून झाल्यावर डॅशबोर्डच्या खणातला दिवा सापडला : खणाचे झाकण कागदांच्या गठ्ठ्यामुळे जेमतेम दोन मिलिमीटर उघडे राहत होते, बाहेरून बंद दिसत होते आणि आत हात घातल्यावर दिवा गरम लागत होता.

कॅम्परमध्ये सर्वांत मोठा चोर म्हणजे इन्व्हर्टर. त्यावर काहीही चालू नसले, तरी हजार वॅटचा इन्व्हर्टर स्वतःसाठी अर्धा ते एक अँपिअर घेत राहतो, म्हणजे दिवसाला १२ ते २४ एएच. मोबाइल आणि पंखा थेट १२ व्होल्टवर चालवावेत आणि इन्व्हर्टर गरज संपताच त्याच्या स्वतःच्या स्विचने बंद करावा.

पुढून मागे जाणारी वायर

कॅम्परच्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर जवळजवळ नेहमी येथेच मिळते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये इंजिनपासून मागच्या बॅटरीपर्यंत पाच मीटर जायला आणि पाच मीटर परत यायला धरले, तर दहा मीटर तांबे होते. घराच्या वायरिंगची चार चौरस मिलिमीटरची वायर वापरली असेल, तर ३० अँपिअरवर जवळपास १.४ व्होल्ट वाटेतच जातात, पुढे १४.२ असताना मागे १२.८ पोहोचतात, आणि १२.८ व्होल्टने लेड-अॅसिड बॅटरी दिवसभर चालूनही भरत नाही. सहा चौरस मिलिमीटरने ही घट ०.९ व्होल्टवर येते आणि पंचवीसच्या केबलने ०.२ च्या आसपास. बॅटरी भरत आली की करंट कमी होतो आणि घटही कमी होते हे खरे, पण बारीक वायरीवर ती वेळ यायला इतके तास लागतात की तोवर मुक्काम आलेला असतो.

इंजिन किंचित रेस देऊन चालू ठेवावे, मागची बॅटरी थोडी उतरलेली असावी, आणि मीटर व्होल्टवर ठेवून एक सळी पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी लांब वायर जोडून मागच्या पॉझिटिव्हवर टेकवावी. मीटर जो आकडा दाखवेल तोच त्या वाटेवरचा तोटा. मग हीच सळी क्रमाने फ्यूजच्या, रिलेच्या आणि प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे न्यावी. ज्या ठिकाणी आकडा उडी मारतो तिथे दोष आहे. निगेटिव्ह बाजूलाही हेच करावे, कारण रंगावरच आवळलेला बॉडी अर्थ हा दोष पॉझिटिव्ह वायरीइतकाच आढळतो. एका कॅम्परमध्ये नवी, चांगली जाड केबल असूनही पाऊण व्होल्ट जात होता. रिलेवरचे लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, क्रिम्पिंग टूलऐवजी पकडीने दाबलेले होते, त्याच्याजवळचे प्लास्टिक बदामी पडले होते आणि लग हातात धरून हलवल्यावर तांब्याच्या तारा आत सरकत होत्या.

वायर चांगली असूनही मागे चार्ज पोहोचत नसेल, तर रिलेचा प्रकार पाहावा. व्होल्टेज पाहून जोडणारा रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. नव्या गाडीतला कॉम्प्युटर व्होल्टेज खाली आणतो तेव्हा हा रिले चालत्या गाडीत सुटतो आणि मागची बॅटरी तशीच राहते. अशा गाडीत डीसी-टू-डीसी चार्जर बसवण्याला पर्याय नाही. पुढे कितीही चढउतार झाला, तरी तो मागे बॅटरीला हवा तो व्होल्टेज देतो. मागे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर तो जुन्या गाडीतही हवा, कारण ही बॅटरी अडथळा न करता मिळेल तेवढा करंट ओढते आणि साधा अल्टरनेटर तासन्तास पूर्ण भारावर चालून तापतो. लिथियमची पातळी व्होल्टमीटरवरून ओळखू नये, कारण तिचा व्होल्टेज बराच काळ एकाच ठिकाणी राहतो. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, शंट असलेला मीटर लावावा.

उभ्या गाडीसाठी सोलर आणि चार्जर

शंभर वॅटचे पॅनेल शंभर वॅट देत नाही. छतावर आडवे, धुळीने भरलेले आणि मेच्या उन्हात तापलेले पॅनेल चांगल्या दिवशी २५ एएचच्या आसपास देते, आणि उन्हाळ्यात छोटा फ्रिज तेवढे सहज खातो. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर लिंबाच्या फांदीची सावली पडली तरी उत्पन्न फार मोठ्या प्रमाणात घटते. गाडीवर कापडी झाकण घालून त्याखाली पॅनेल ठेवलेलेही मी पाहिले आहे. केवळ उभ्या गाडीचा झिरपा भरून काढायचा असेल, तर कंट्रोलरसह दहा-वीस वॅटचे पॅनेल पुरते.

घरच्या विजेवर चार्ज करताना करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावा आणि चार्जर भरल्यावर स्वतः बंद होणारा किंवा फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी कमी व्होल्टेजवर राखण्यावर, जाणारा असावा. घरच्या इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी लावून भरण्याची युक्ती करू नये. तो दीडशे एएचच्या बॅटरीसाठी बनलेला असतो आणि त्याचे दहा-पंधरा अँपिअर ३५ एएचच्या बॅटरीला तापवतात. चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, कारण त्यातून हायड्रोजन निघतो, आणि जवळपास बिडी, उदबत्ती काही नको.

कोठे थांबावे

बॅटरी फुगलेली असेल, तिला तडा गेला असेल, अॅसिड गळत असेल किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर चार्जर, सेल्फ आणि जंपर केबल यांपैकी काहीही करू नये. वास येत असताना जोड काढताना उडालेली ठिणगीसुद्धा स्फोटाला पुरते. गाडी मोकळ्यावर असू द्यावी आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावे. इंजिन चालू असताना व्होल्टेज सतत १५ च्या वर राहत असेल तर रेग्युलेटर गेला आहे, आणि गाडी चालवतच दुकानापर्यंत नेऊ नये. वायर हाताला गरम लागत असेल, किंवा तोच फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मोठा फ्यूज टाकून वेळ मारून नेणे म्हणजे गाडीला आग लावण्याची सोय करणे होय. अल्टरनेटर उघडणे, लिथियम बॅटरीचे बीएमएस (तिच्यावर देखरेख ठेवणारे सर्किट) उघडणे, कॅम्परमधले २३० व्होल्टचे वायरिंग आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबली ही घरी करण्याची कामे नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर फ्यूजच्या पुढची कोणतीही वायर स्वतः कापू नये.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना सकाळचा, सेल्फच्या वेळचा, इंजिन चालू असतानाचा आणि कॅम्पर असल्यास मागच्या बॅटरीचा, असे आकडे कागदावर लिहून न्यावेत आणि तो लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून पाहणारे यंत्र, लावेल तेव्हा शेजारी उभे राहावे. बॅटरी आधी पूर्ण भरून मगच ही चाचणी करावी, असे त्याला स्पष्ट सांगावे. त्यानंतरही ती नापास झाली, तर नवी घेताना बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना पाहून घ्यावा, आणि जुनी भंगारवाल्याला न देता दुकानातच परत करून तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.